नाल्यावर अकरा जण

"हॅलो? हॅलो… सोमाजीभाऊ? कुठी आहात तुमी? अर्ध्या घंट्यापासून आमी शोधून राह्यलो ना तुमाले…"

वरोऱ्याच्या नंदिनी मॅडम दहा जणांना घेऊन सिंदेवाहीच्या जंगलात फुलपाखरं पाहायला आल्या होत्या. वाट दाखवायला सोमाजीभाऊ. त्यांचा जन्म वनमजुरीत गेलेला, आणि नेमके तेच दिसेनासे झाले होते.

"नाई, आमी सगळे आहो. माह्यासकट अकरा, दोनदा मोजले… काय? नाल्यावर? अहो, आमीबी नाल्यावरच आहो… हो, चिखलावर पिवळी फुलपाखरं बसली आहेत… तुमच्या इथीबी?"

मॅडमनी नाल्याच्या वरच्या-खालच्या अंगाला पाहिलं. दुसरं कोणीच नव्हतं.

"मंग दिसून काऊन नाई राह्यले?… मोठा दगड? थांबा… खुर्शीदाबाई, दगड दिसते का कुठी?… नाई म्हणते त्या."

म्हाताऱ्याला ऊन लागलं असावं, असं वाटून मॅडमनी त्यांना सावलीत बसायला सांगितलं.

"डबे?… सगळ्यांचे डबे तुमच्याजवळ आहेत?… गाडीबी दिसून राह्यली?"

डबे मॅडमनीच गाडीजवळच्या नाल्यावर ठेवायला लावले होते. मग हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू उडालं, आणि त्याच्यामागे वर बघत त्या सगळ्यांना घेऊन निघाल्या. वळणं किती घेतली, आठवेना. हा नालाच दुसरा होता.

"भाऊ… म्हणजे तुमी नाई हरवले… हो. चिखलात? थांबा, पाहते."

त्या खाली वाकल्या. आवाज आपोआप उतरला.

"आहेत ठसे… माह्या पंज्याएवढे. ओलेच दिसते… नाई, नाई सांगत कोणाले… पाणी? उजव्या हाताले वाहून राह्यलं… बरं. फोन ठेवू नका."

फोटो काढायचा आहे, असं सांगून मॅडमनी सगळ्यांना अगदी खेटून उभं केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोक कुरकुरू लागले. फोनमध्ये नुसती पाचोळ्याची करकर.

"भाऊ, आहात ना?… मी तुमाले बसा म्हटलं, सावलीत बसा म्हटलं… मले माफ करा… हॅलो? बोला ना काही…"

तेवढ्यात सोमाजीभाऊंची लांबलचक हाक आली. एका कानाला फोनमधून, आणि दुसऱ्या कानाला मागच्या बांबूतून.

मॅडमनी फोन बंद केला. आणि सगळ्यांना पुन्हा एकदा मोजलं.