पुस्तकातून गळालेली मधली

"'जा कुठंही, पण तिघी मिळून परत या,' असं आई बजावायची ना? मग तुझ्या पुस्तकात दोघीच कशा घरी येतात?"

दातांच्या दवाखान्यात, सुजल्या गालाला रुमाल लावून बसलेली मधली बहीण थोरलीला विचारत होती. नावं पुकारणारी परिचारिका खाली मान घालून ऐकत होती.

"संपादक म्हणाले, तीन मुली असल्या की लहान वाचकांचा गोंधळ होतो."

"म्हणून मला गाळलंस?"

"गाळलं नाही गं. तुला माझ्यात घातलं."

"वा! टाकीत पडलेलं मांजर काढलं मी, आणि पुस्तकात काढतेस तू. तू तर काठावर भोकाड पसरून उभी होतीस!"

"हळू बोल, दात दुखतोय ना?"

"दुखू दे. धाकटीला मात्र शेंबडासकट जागा दिलीस."

"ती लगेच रुसते. तू आपली समजूतदार..."

"जन्मभर तेच ऐकतेय! थोरलीचे उतरलेले कपडे घाल, धाकटीला खाऊ दे. माझ्या लेकीनं तुझं लिखाण वाचून विचारलं, 'आई, यात तू कोण?' काय सांगू तिला?"

थोरली म्हणाली, "उद्या छपाई आहे. त्याआधी घालते तुला. शब्द देते."

"आणि संपादक? जन्मात कुणाला 'नाही' म्हणालीस का तू?"

तेवढ्यात परिचारिकेनं नाव पुकारलं. मधली कुरकुरत आत गेली.

दार लागताच थोरली व्हरांड्यात गेली आणि फोनवर हळूच म्हणाली, "साहेब, छपाई थांबवा. होऊ दे मुलांचा गोंधळ. आमच्या घरी तो रोजच व्हायचा."