काळं कापड

(रोह्याच्या कॉलेजातली फिजिक्सची लॅब. महिपती इथे बावीस वर्षं लॅब असिस्टंट आहे. तस्नीम त्याच्या मुलाची, नितेशची, प्रयोगातली जोडीदार होती.)

तस्नीम : गणित पुन्हा मांडलं, काका. शून्य पॉइंट सातच येतंय.

महिपती : परत बघ गो. सिलिकॉनचा सोलर सेल हाय तो. बँड गॅप एक पॉइंट एक यायला हवा. बावीस वर्सं पोरांच्या जर्नलमंदी हाच आकडा बघतोय मी.

तस्नीम : पण आलेखाचा चढच कमी आहे. नितेशनं सेल तेलात ठेवून, तेल तापवत दर पाच डिग्रीला करंट घेतलाय, नेहमीसारखाच. फक्त तेल थंड होतं तेव्हाही करंट भरपूर दिसतोय.

महिपती : म्हंजे?

तस्नीम : इलेक्ट्रॉनला सुटायला लागणारा जोर, म्हणजे बँड गॅप, अंधारात मोजायचा असतो. उजेड शिरला की सेल आपलाच करंट सोडतो. मी त्या दिवशी आले नव्हते. त्यानं वर काळं कापड टाकलं नव्हतं का?

महिपती : कापड कपाटात व्हतं.

तस्नीम : चावी तर तुमच्याकडे असते.

महिपती : मागितलंन त्यानं. "बाबा, कपाट उघड" म्हणाला. मी म्हटलं, असंच उरक. पेणला तीनची शिफ्ट, नोकरी लागून आठवडा नाय झाला, उशीर नको. त्या कपाटाचं कुलूप गंजलंय, उघडायला दहा मिन्टं खातं.

तस्नीम : काका...

महिपती : दहा मिन्टांत तो ट्रेलर भिसे खिंड उतरून गेला असता. गाडीवर माझं पोर मागं ऱ्हायलं असतं.

तस्नीम : असं मोजत बसू नका हो.

महिपती : मंग दुसरं काय मोजू?

तस्नीम : मी एक पॉइंट एक लिहिते. सगळेच पुस्तकातलं लिहितात. काकींना कुठं कळणार आहे?

महिपती : नको. तेराव्याला गिरजा म्हणाली, त्याचं जर्नल पुरं करून आणा. खोटं करून नाय. वर त्याचं अक्षर हाय. आलंय तेच लिव.

तस्नीम : बरं. शून्य पॉइंट सात. चूक कशामुळे झाली, ते खाली लिहावं लागतं. "उजेड आत शिरला" असं लिहू?

महिपती : घाई झाली, असं लिव.

तस्नीम : लिहिलं.

महिपती : कुणाची, ते पण लिव.