हजार फूट बाकी

कॅप्टन : उतरले सगळे?

सहवैमानिक : उतरले. एक आजोबा जाता जाता म्हणाले, काय मऊ उतरवलंत विमान!

कॅप्टन : लोकांना शेवटचं तेवढं कळतं.

सहवैमानिक : सर, अकरा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं. आपण सहाशे फूट आणखी खाली गेलो. खालच्या विमानाच्या शेपटीवरचा रंग दिसला मला.

कॅप्टन : मलाही दिसला. माझे डोळे फुटलेले नाहीत.

सहवैमानिक : ऑटोपायलट ठरलेली उंची धरतच होता. तुम्ही बोलता बोलता उतरायच्या वेगाचं बटण फिरवलंत. धरलेली उंची सुटली.

कॅप्टन : तू शाळेत नाक पुसत होतीस तेव्हापासून ते बटण फिरवतोय मी. शिकवू नकोस.

सहवैमानिक : शिकवत नाही, सर. अकरा हजार यायच्या आधी मी आवाज दिला होता. ‘हजार फूट बाकी.’ तुम्ही हात वर केलात. म्हणालात, थांब गं, हे ऐक आधी.

कॅप्टन : म्हणालो.

सहवैमानिक : मग मी ऐकत बसले.

इंजिनिअर : येऊ का आत? काय म्हणतंय आमचं लेकरू? कुठे कुरकुरलं नाही ना?

कॅप्टन : लेकरू ठीक आहे, मिस्त्री. तू बोल.

इंजिनिअर : कंट्रोलच्या मनोऱ्यातून फोन आला म्हणे. काय झालं ते मी विचारत नाही. फक्त तुमच्या आवाजाच्या रेकॉर्डरचा ब्रेकर ओढून तो बंद करायचा का, तेवढं सांगा. ते यंत्र शेवटचे दोनच तास धरून ठेवतं. हे विमान आता लगेच पुढच्या फेरीला जाणार. ब्रेकर नाही ओढला, तर तुमचं बोलणं पुसलं गेलं समजा.

कॅप्टन : पाच मिनिटं दे.

इंजिनिअर : घ्या की. तोवर चाकं बघून येतो.

सहवैमानिक : ओढायला सांगू या, सर. नियमच आहे तसा.

कॅप्टन : उंची चुकली हे रडारवर आहे. ते लपत नाही, मला लपवायचंही नाही. पण मी काय बोलत होतो ते ऐकलंस ना?

सहवैमानिक : ऐकलं.

कॅप्टन : काय ऐकलंस?

सहवैमानिक : आज मनोऱ्याने न मागता सरळ रस्ता दिला. तुमच्या मिसेस गेल्या त्या दिवशीही असाच दिला होता. तेव्हा तुम्ही खूश झाला होतात. आज नशीब जोरावर आहे म्हणालात.

कॅप्टन : आणि खाली सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर रस्ता दिला. मनोऱ्यात, ऑफिसात, सामान उतरवणाऱ्या पोरांना सुद्धा. वैमानिक हवेत असताना त्याला घरची वाईट बातमी देत नाहीत. ती गेली होती आणि मी गाणं गुणगुणत उतरत होतो. माझ्या मुलाला हे सांगितलेलं नाही मी. तुला सांगितलं. आता चौकशीला बसलेली माणसं चहा पीत ते ऐकणार. नीट कळलं नाही तर मागे नेऊन पुन्हा ऐकणार.

सहवैमानिक : सर, माझी कॅप्टनपदाची परीक्षा आलीय. मी आवाज दिला, याला त्या रेकॉर्डरशिवाय दुसरा पुरावा नाही.

कॅप्टन : मी आहे ना. लिहून देतो. तिने आवाज दिला, मीच ऐकलं नाही.

सहवैमानिक : नक्की?

कॅप्टन : मेलेल्या बायकोची शपथ घालू?

सहवैमानिक : नको, सर. शपथ नको.

इंजिनिअर : चाकं झाली बघून. काय ठरलं? ओढू?

कॅप्टन : मॅडमना विचार.

सहवैमानिक : राहू द्या. नका ओढू.

(पुढच्या आठवड्यात. चौकशीच्या खोलीबाहेरचा बाक.)

सहवैमानिक : तुमचा जबाब वाचून दाखवला मला.

कॅप्टन : बरं.

सहवैमानिक : ‘सहवैमानिकाने आवाज दिला नाही.’ असं लिहिलंय.

कॅप्टन : बटण मी फिरवलं, हेही लिहिलंय.

सहवैमानिक : शब्द दिला होतात तुम्ही.

कॅप्टन : दिला होता. मग घरी गेलो. कुलूप काढलं आणि दारातच उभा राहिलो. चूक एकट्या माझी ठरली तर मला कायमचं त्या घरात बसवतील. दोघांची ठरली तर मला समज देऊन सोडतील. तुझी परीक्षा पुढे जाईल. जाऊ दे. तुझ्यापुढे आयुष्य पडलंय.

सहवैमानिक : मी आत खरं काय ते सांगेन.

कॅप्टन : सांग. आत तिघे आहेत. तिघेही माझ्या घरी येऊन बसून गेलेत, ती गेली तेव्हा. तू नव्हती आलीस.

सहवैमानिक : मला ड्यूटी होती.

कॅप्टन : असेल. ते विचारतील, आवाज दिला होता तर रेकॉर्डिंग का नाही ठेवलं? मिस्त्री सांगेल, मॅडमच नको म्हणाल्या. तो खोटं बोलणारा माणूस नाही.

सहवैमानिक : म्हणून मला विचारायला लावलंत त्यांना?

कॅप्टन : तेव्हा मनात काही नव्हतं. तोंडातून गेलं. नंतर कामाला आलं.

सहवैमानिक : एक विचारू? ते मिसेसचं तरी खरं होतं?

कॅप्टन : अक्षर न् अक्षर. खोट्याने तू विरघळली नसतीस.

इंजिनिअर : मॅडम, तुम्हाला बोलावलंय. मला ब्रेकरचंच विचारलं हो. जे झालं ते सांगितलं. मी तरी काय करणार?

सहवैमानिक : बरोबर केलंत.

इंजिनिअर : साहेब, चेहरा का असा उतरलाय? थांबा, पाणी आणतो.

कॅप्टन : आण. तू जा गं आत, त्यांना ताटकळत ठेवू नकोस. काय सांगायचं ठरवलंयस?

सहवैमानिक : रेकॉर्डिंग तर नाही, सर. तुम्ही काय बोलत होतात, ते मलाच सांगावं लागेल. पहिल्यापासून. गाणं कुठलं, तेही सांगितलं होतंत तुम्ही.

कॅप्टन : ते नको.

सहवैमानिक : सगळं पाठ आहे मला.

कॅप्टन : ऐक. जबाबाची प्रत माझ्या मुलापर्यंत जाईल. आई गेली तेव्हा बाप गात होता हे वाचून तो पुन्हा घरात पाऊल टाकणार नाही. आणि ते सांगून तुझी परीक्षा वाचणार नाही. तुला काहीच मिळणार नाही त्यातून.

सहवैमानिक : माहीत आहे, सर.