दोन्ही दंडांना पट्टे

आई : हिच्या दोन्ही दंडांना पट्टे कशाला गं बाई? हात दोन असले तरी माणूस एकच आहे ना!

नर्स : दोन हातांच्या बीपीत कधी कधी फरक निघतो, आजी. तुम्ही तरी एकदाच माप घेऊन कापड कापता का?

आई : मी शिवते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

नर्स : गळ्यात टेप आहे.

आई : अगं बाई! एवढा रस्ता अशीच आले? आणि ही कार्टी एका शब्दानं बोलली नाही!

धाकटी : मला वाटलं, दागिना म्हणून घातलीयस.

नर्स : हसू नका हो, आकडा चढेल. हं, झालं. आता फॉर्म. बारावा आठवडा. पहिलंच ना?

धाकटी : पहिलंच.

आई : ठणठणीत आहे हो पोरगी. उलट्यासुद्धा धड करत नाही. हे सगळं कशापायी?

नर्स : त्रास दिसायच्या आत बघायचं, म्हणून तर. बाळाची वार नीट रुजतेय का, तिच्याकडे रक्त नीट जातंय का, ते सोनोग्राफीत दिसतं. थोडं रक्तही तपासू. पुढे बीपी चढायचा धोका दिसला, तर डॉक्टर आत्तापासूनच रोजची एक छोटी गोळी देतात. उशिरा दिली, तर तिचा तेवढा उपयोग नाही. सांगा, आईला किंवा सख्ख्या बहिणीला गरोदरपणात बीपी?

आई : नाही.

धाकटी : आई...

आई : मला नव्हतं. दोन्ही वेळा मशीनवरून उठून गेले बाळंत व्हायला.

नर्स : आणि बहिणीला?

धाकटी : ताईचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. दहा वर्षं झाली, मी शाळेत होते. आमच्याकडेच आली होती राहायला. जिना उतरताना पाय घसरला.

आई : ते पडणं. पडण्याला फॉर्मात जागा नसते. पुढचं विचारा.

नर्स : त्याआधी सूज होती? हातांवर, चेहऱ्यावर?

धाकटी : होती. आई तिच्या बाह्या उसवत बसायची. एका आठवड्यात दोनदा.

आई : दिवस भरत आले की बाई अंगानं भरतेच.

धाकटी : सातव्यात कुठले भरत आले? दंड दीड इंच वाढला म्हणून आल्यागेल्याला सांगत होतीस. माझ्या घरी येऊन लेक कशी सुधारली बघा!

आई : वाटलं मला तसं. आयुष्यभर मापं घेतली गं मी. माप वाढलं की कापड सोडायचं, एवढंच कळत होतं. आत पाणी भरतंय, हे टेप थोडीच सांगते?

नर्स : त्या पडल्या, तेव्हा जवळ कोण होतं?

धाकटी : आई. ताईला काहीच आठवत नाही. दवाखान्यात डोळे उघडले, तेव्हा आईनं सांगितलं, घसरलीस म्हणून. तेव्हापासून स्वतःलाच खातेय ती. दुसरं मूल नकोच म्हणाली. जिला धड जिना उतरता येत नाही, तिच्या हातात मूल कोण देईल, म्हणते.

आई : असं म्हणते?

धाकटी : तुझ्यासमोर नाही म्हणत.

(बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला जातो.)

नर्स : आजी, तुमची उलटतपासणी घ्यायची नाहीये मला. पण इथं ‘नाही’ लिहिलं, तर हिचा धोका आहे त्यापेक्षा कमी वाटेल. चुकीच्या मापावर कपडा बेतल्यासारखं होईल ते.

आई : कपडा उसवता तरी येतो. ... ‘हो’ लिहा.

धाकटी : ‘हो’ म्हणजे काय, आई?

आई : दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत होती. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणत होती. मी म्हटलं, एवढे चार कपडे देऊन टाकते, मग परवा जाऊ दवाखान्यात.

धाकटी : आणि डॉक्टर काय म्हणाले?

आई : बीपी म्हणाले. मला बाजूला घेऊन सांगितलं सगळं. मी म्हटलं, तिला शुद्ध आली की मी सांगते.

धाकटी : मग सांगितलं का नाहीस?

आई : तिनं डोळे उघडले आणि विचारलं, मी पडले का गं? तोंडातून ‘हो’ निघून गेलं.

धाकटी : आई, ती पडलीच ना पण?

आई : नंतर पडली. वरच्या पायरीवर उभी होती, तिथंच आकडी आली तिला. पाय नव्हता घसरला. घसरला, असं मी सांगितलं.