रिकाम्या बसचे हादरे

दातांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर दोघे बोलत होते. शिवणकाम शिकवणाऱ्या एक बाई मासिक समोर धरून ऐकत होत्या.

"काय काम करता?"

"बसचा सांगाडा कुठल्या वेल्डिंगला तडकेल, ते कॉम्प्युटरवर आधीच काढतो."

"मग तडकत नसेल कधी."

"परवाच तडकला. मी सगळा हिशोब गच्च भरलेल्या बसचा केला. डेपोत परतताना ती रिकामी असते, ते धरायचंच राहिलं."

"रिकामीला काय होतंय?"

"ओझं असलं की गाडी दबून चालते. रिकामी खड्ड्याखड्ड्याला उडते."

"अस्सं. आणि दाढेला काय झालं?"

"चीर गेलीय. झोपेत दात खातो म्हणे मी. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं घरात कुणी सांगितलं कसं नाही?"

"मग?"

"मग काय. आ करून बसलो होतो, घरात दुसरं कुणी नाहीच हे सांगणार कसा?"

बाईंनी पान उलटलं आणि जिभेने हळूच आपली दाढ चाचपली.