भिंगरीचा पहिला शब्द

...आणि वर मलाच म्हणतात, थांबा! अहो, थांबलोयच की! वर्ष होत आलं, दुसरं केलंय काय मी? तुम्हाला सांगतो, त्या केंद्रातल्या बाकावर बसून बसून पँट झिजली माझी, पण खिडकीवाल्या बाईंना पाझर फुटेल तर शपथ!

म्हणजे झालं काय, माझी भाची. भिंगरी म्हणतो आम्ही तिला, एका जागी ठरत नाही म्हणून. पळते, हसते, चावतेसुद्धा, पण बोलत नाही. एक शब्द नाही! ताईची नोकरी दिवसभराची, मग खेटे घालणार कोण? मामा! मामा मोकळाच आहे ना! डॉक्टर म्हणाले, "केंद्रात बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, याच वयात सुरू करा, उशीर नको." उशीर नको, बरं का! केंद्रात गेलो, तर खिडकीवाल्या बाई मान वर न करता, नुसता तळहात पुढे, "आधी कान तपासून आणा. मग थांबा." कानवाले म्हणाले, "मशीन बिघडलंय, थांबा." कान एकदाचे ठणठणीत निघाले, तर पुन्हा तोच तळहात, "मुलीला खरंच मदत लागते का, ते समिती बघेल. थांबा!"

अहो, आम्ही थांबू, पण मूल थांबतं का? त्या बाकावर बसल्या बसल्या तिचे बूट लहान झाले हो! घरी बाहुल्या ओळीनं बसवते आणि एकेकीपुढे तळहात धरते, मुकाट्यानं. ताई आधी हसली, मग आत जाऊन रडली.

शेवटी बसली समिती. ताईनं रजा काढली. साहेबांनी चित्र दाखवलं, "बाळ, हे काय? चेंडू?" गप्प. "मांजर?" गप्प. आणि मी... जिनं बोलावं म्हणून वर्षभर देव पाण्यात घातले, तिलाच मनात म्हणतोय, आज तेवढी गप्प बस गं बाई! साहेबांनी मंजुरीचा शिक्का उचललाच होता, तेवढ्यात शिपाई डोकावला, "साहेब, पुढचं पाठवू?" आणि आमची भिंगरी उभी राहिली खुर्चीवर, तळहात पुढे, आवाज खणखणीत...

"थांबा!"

ताईनं तिला छातीशी धरलं, मी नाचलो, शिपायानं टाळ्या वाजवल्या! साहेबांनी शिक्का खाली ठेवला.

"बोलते की!"

"साहेब, एकच शब्द!"

"पण स्पष्ट आहे. बोलणाऱ्या मुलाला जागा देता येत नाही."

"अहो, तोही तुमच्याच बाकावर शिकली! घरी 'आई म्हण, आई म्हण' करून आमचे घसे बसले..."

ताई एवढंच म्हणाली, "मला तिची हाक ऐकायचीय हो." साहेबांचा आवाज जरा उतरला. त्यांच्याही घरी पोरंबाळं असतील. म्हणाले, "फेरतपासणी मागता येते. खिडकीवर विचारा."

गेलो खिडकीवर. तोच तळहात! माझं डोकं असं फिरलं, म्हटलं आज हे केंद्र डोक्यावर घेतो! तर भिंगरीनं माझं बोट सोडलं, आपली आपण त्या बाकावर चढून बसली, शेजारची जागा थोपटली आणि मला अगदी मायेनं म्हणाली, "थांबा."

काय करता? बसलो. पोर पहिल्यांदाच काहीतरी सांगतेय, ऐकायला नको?