मिशीचा घोटाळा

बाई : नाही काका, धड्यातली मुलगी 'फिफ्टीन' म्हणाली, 'फिफ्टी' नाही. पन्नास शर्ट नाही, पंधरा.

शिंपीकाका : पन्नास काय नि पंधरा काय, मला कुठे शिवायचेत! बाई, धड्यातली माणसं राहू द्या. मला नातीचं बोलणं कळलं म्हणजे झालं. परदेशात जन्मली, पोरगी इंग्रजीशिवाय बोलत नाही.

बाई : तुम्ही एकेक शब्द पकडायला जाता. एक निसटला की पुढचं सगळं गेलंच. अख्खं वाक्य ऐका.

शिंपीकाका : मग तिचाच निरोप लावू? फोनवर आलेला आहे. लेकीला विचारायची लाज वाटते हो. म्हणेल, बाबा, एवढंही कळलं नाही?

बाई : लावा. फोन कॉम्प्युटरच्या माइकजवळ धरा, म्हणजे मला इकडे ऐकू येईल.

(फोनमधून लहान मुलीचा आवाज.)

बाई : तुम्हाला यातलं काय कळलं?

शिंपीकाका : 'आजो' कळलं, म्हणजे मी. आणि मिशी.

बाई : मिशी?

शिंपीकाका : सारखी म्हणतेय ना, 'आय मिश्यू, आय मिश्यू'. म्हटलं, पोरीला मिशी आवडत नसेल. दिली भादरून. लग्नाआधीपासूनची मिशी, बाई! आरशात बघितलं तर मीच मला ओळखेना. मोठ्या हौसेने व्हिडिओवर तोंड दाखवलं, तर ती भोकाड पसरून पळाली. तेव्हापासून फोनवर येतच नाही.

बाई : काका, ती 'मिस यू' म्हणतेय.

शिंपीकाका : मिस? शाळेतली?

बाई : नाही हो. तुमची आठवण येते म्हणतेय.

शिंपीकाका : ...माझी?

बाई : तुमचीच.

शिंपीकाका : आणि मी बसलो वस्तरा शोधत! पुढे काय म्हणते? ते भरभर बोलते ते?

बाई : म्हणते, आजो, तू नुसतं 'येस, येस' करतोस. तू तुझ्या भाषेत बोल ना. मला कळलं नाही तरी चालेल, मला तुझा आवाज ऐकायचाय.

शिंपीकाका : ...

बाई : काका? आवाज गेला का तुमचा? ऐकू येतंय?

शिंपीकाका : येतंय, बाई. आत्ता कुठे ऐकू येतंय.

बाई : तिला सांगायला एक सोपं वाक्य शिकवू का? छोटंसंच आहे.

शिंपीकाका : पुढच्या तासाला शिकवा. तिकडे आता उजाडलं असेल, शाळेला निघायच्या आत गाठतो तिला.